बॅनर शिवायला घरगुती ओव्हरलॉक: घ्यावं की नाक्यावरून मारून आणावं?

गणपतीच्या मखरामागे किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये लावायला आत वॅडिंग (कापसासारखा मऊ थर) घातलेला, वर अक्षरं, लेस आणि आरसे लावलेला कापडी बॅनर शिवायचा, तर शिलाई मशीनच्या जोडीला ओव्हरलॉक (कापडाची कड कापत तिच्यावर धागे गुंफणारं मशीन) लागतंच का? ब्रदर, जुकी, सिंगर यांच्या घरगुती चार धाग्यांच्या मशीनची रचना साधारण सारखीच असते. दोन सुया, कडेवर धागा गुंफणारे दोन लूपर, कड कापणारं पातं, ०.७ ते २ पर्यंत फिरणारा डिफरन्शियल फीड (पुढचे आणि मागचे दाते कमी-जास्त वेगाने कापड ओढतात ती सोय) आणि मिनिटाला १३०० ते १५०० टाके. हे परीक्षण या वर्गाचं आहे, तेही फक्त बॅनरच्या कामापुरतं.

मत आधीच सांगून टाकतो. बॅनर शिवला जातो साध्या मशीनवर. ओव्हरलॉकच्या वाट्याला फक्त कडा येतात. पण हातात घेतल्यावर माणूस आधी कडाच बघतो.

६० बाय ३६ इंचाचा बॅनर धरू. वरचं कापड ६२ बाय ३८ इंच कापायचं, वॅडिंग आणि अस्तर ६४ बाय ४०, कारण टिपा पडल्या की कापड आत ओढलं जातं. ४४ इंची पन्ह्याचं सुती कापड वर आणि खाली पावणेदोन-पावणेदोन मीटर पुरतं. मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये सुतीत हवा तो रंग मिळतो, मात्र रविवारी बाजार बंद. सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करूनच कापा. वॅडिंग १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम) आसपासचं पातळ घ्या. जाड शीट दुकानात गुबगुबीत दिसते, पण ओव्हरलॉकच्या फुटाखाली ती शिरत नाही.

अक्षरं वरच्या कापडावर, वॅडिंग जोडण्याआधी. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फ्यूजिंगच्या कागदावर अक्षर उलटं काढायचं, नाहीतर कापल्यावर 'ग' आरशातला निघतो. 'गणपती बाप्पा मोरया' लिहिताना अक्षरं शिरोरेषेशिवाय कापा. शिरोरेषा म्हणजे पाऊण इंची वेगळी पट्टी, प्रत्येक शब्दाला एक, कापडाच्या उभ्या धाग्यात कापलेली. तिरकी कापली तर लोंबते. आधी अक्षरं, मग वेलांट्या आणि मात्रा, आणि त्यांची टोकं झाकत शेवटी पट्टी. यात सोय अशी की 'प' आणि 'ण' वरून उघडे राहतात, कात्री सरळ आत जाते. भोक फक्त 'ब'सारख्या अक्षराला पाडावं लागतं. कडेने भरीव झिगझॅग: रुंदी ३ मिमी, लांबी ०.४, मागे फाडून काढता येईल असा स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार देणारा कागद. तो नसेल तर कापड बोगद्यासारखं वर उचललं जातं, आणि ते इस्त्रीनेही बसत नाही.

मग अस्तर, वॅडिंग आणि वरचं कापड असे तीन थर, दर चार इंचांवर सेफ्टी पिन, ९०/१४ची सुई, वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर ओढणारा), टाका ३ ते ३.५ मिमी. मधून सुरू करून बाहेर जायचं. एका कडेकडून दुसरीकडे गेलात तर शेवटच्या टिपेपाशी चुण्यांचा ढीग जमतो. तीन-चार इंचांच्या अंतराने टिपा भरपूर झाल्या. हे काम ओव्हरलॉकवर जमत नाही, ते कडेपासून आत शिवतच नाही. दुकानदार काहीही सांगो.

आता ओव्हरलॉकचा खरा भाग. तीन थर थेट आत घातले तर वरचा थर पुढे सरकतो आणि पातं वॅडिंग चावतं. म्हणून बॅनर मापात कापून घेतल्यावर कडेपासून ३ मिमीवर साध्या मशीनची एक टीप मारून जाडी दाबून घ्यायची. मग फूट उचलून कापडाचं टोक पात्याला भिडेपर्यंत आत सरकवायचं आणि ओव्हरलॉक मारायचं: टाका ३, डिफरन्शियल १.३ पासून. कड लाटेसारखी हलली तर आकडा वाढवा, गोळा झाली तर कमी करा. कोपऱ्यात वळवायच्या भानगडीत पडू नका. सरळ बाहेर निघा, तीनेक इंच साखळी सोडा, पुढची बाजू नव्याने सुरू करा, आणि शेपटी बोथट सुईने टाक्यांत ओवून टाका. नुसती कापली तर कोपरा उसवतो.

एवढी दाबलेली कड असली की वरून लावायची मगजी (कड झाकणारी पट्टी) एकसारखी बसते, आतून वॅडिंगचे केस डोकावत नाहीत. बॅनरखाली त्रिकोणी पताका लावणार असाल तर पैसे खरे इथे वसूल होतात. डावी सुई काढायची, मशीन रोल हेमवर (कड गुंडाळून बारीक शिवण्यावर) आणायचं, टाका १ ते १.५, वरच्या लूपरला फुगीर वुली नायलॉन. कड बारीक आणि भरीव येते; झिगझॅगने ती तशी येत नाही.

जरीचा धागा लूपरमध्ये घाला, सुईत तो तुटतो. मणी, आरसे, धातूची टिकली सगळ्यात शेवटी, हाताने, कडेपासून इंचभर आत. पात्याखाली एक मणी किंवा विसरलेली पिन आली की पात्याला खाच पडते, आणि पुढची प्रत्येक कड कुरतडल्यासारखी निघते. हा माल भुलेश्वरला घ्या. गोट्यात (जरीच्या लेसमध्ये) तार आहे का ते तिथेच वाकवून बघा.

त्रास धागा ओवण्याचा. क्रम ठरलेला: वरचा लूपर, खालचा लूपर, उजवी सुई, डावी सुई. खालच्या लूपरचा धागा तुटला तर आधी दोन्ही सुया मोकळ्या करायच्या, मग लूपर, मग पुन्हा सुया. तसं न केल्यास सुईचा धागा लूपरच्या खाली अडकून राहतो आणि नवा धागा पहिल्याच टाक्याला तुटतो. 'मशीन बिघडलं' म्हणतात त्यात हेच जास्त. वॅडिंगचा कापूसही पात्याभोवती साचतो. तो ब्रशने काढा, फुंकर मारली तर आत जातो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत काम झालं की पुसून, झाकून ठेवणं आलंच.

वर्षाला एकच बॅनर असेल तर नाक्यावरच्या टेलरकडून इंटरलॉक (ओव्हरलॉकलाच तिथे हे म्हणतात) मारून आणा. त्यांची कारखानी मशीन जाडी सहज घेतात. फक्त 'कड कापू नका, नुसती घासून जाऊ द्या' हे सांगायला विसरू नका, नाहीतर पाव इंच गेला म्हणून समजा. पताका, तोरणं, ड्रेसही शिवत असाल तर मात्र घ्या, आणि घेण्याआधी आपल्या वॅडिंगचा, तीन थरांचा आणि दाबटीप मारलेला वीतभर तुकडा दुकानात न्या. तोच चालवून दाखवायला सांगा. नमुन्याची पातळ पॉपलीन सगळ्याच मशीनवर छान चालते. सुई साध्या मशीनची चालते की वेगळ्या जातीची लागते, हेही तिथेच विचारा. वेगळी लागत असेल तर दोन पाकिटं बरोबरच घ्या.