छातीचा हार्ट रेट पट्टा: पर्वतीवर चार महिने वापरून

पहिल्याच दिवशी बायकोनं विचारलं, “हा करगोटा छातीला कशाला बांधलाय?”

मुलानं दिलेलं नाडी दाखवणारं घड्याळ होतंच. मी रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या तीनदा चढतो. तिसऱ्यांदा वर पोचल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरतात ते मला बघायचं होतं, आणि घड्याळ नेमकं तिथेच गडबडायचं. माझं पाणी पिऊन झालं तरी आकडा १४४ वर चिकटलेला, मग एकदम ११५. मनगटावर ते हिरव्या उजेडानं रक्ताचा प्रवाह बघतं आणि सरासरी काढतं, म्हणून मागे पडतं. पट्टा ईसीजीसारखा हृदयाची विद्युत लहरच पकडतो.

एका मिनिटाचं एवढं कौतुक का? थांबल्यावर पहिला ब्रेक लावते व्हेगस नर्व्ह, म्हणजे आपोआप चालणाऱ्या (स्वायत्त) चेतासंस्थेची शांत करणारी, परानुकंपी बाजू. ठोके वाढवणाऱ्या अनुकंपी बाजूचा जोर आणि रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन सावकाश ओसरतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट झालेल्या २,४२८ जणांवर सहा वर्षं नजर ठेवली आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरलेल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. मात्र ती माणसं टेस्ट संपल्यावर हळूहळू चालत होती. आमच्यातले एक काका वर पोचताच बसकण मारतात आणि “माझे चाळीस उतरले” म्हणून मिरवतात. अहो काका, बसल्यावर उतरणारच! मी रमतगमत फेऱ्या मारतो, माझे २४-२६ येतात. पुतण्याच्या लग्नाच्या जागरणानंतर १७ आले, तेव्हा गुपचूप घरी येऊन झोपलो. दुसरे एक बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारं औषध घेतात, त्यांचे ठोके मुळात ११० च्या वर चढत नाहीत. त्यांना आकडा विचारणं मी सोडलंय.

आता तक्रारी. आतल्या काळ्या पट्ट्या ओल्या करूनच बांधायचं. थंडीत विसरलो आणि पायथ्याशीच २०५ दिसले! अ‍ॅपमध्ये स्टॉप दाबलं की नोंद तिथेच बंद, म्हणजे हवं तेच मिनिट गायब. वर पोचल्यावरही दीड मिनिट चालू ठेवायचं असतं हे माहितीपुस्तिकेत कुठेच नाही. माझा पहिला आठवडा त्यात गेला.

आणि टिचबटणं! यंत्र पट्ट्याला दोन टिचबटणांनी बसतं. तिसऱ्या महिन्यात डावं गंजलं, आकडा मध्येच तुटायला लागला. दुकानदार म्हणाले, “वॉरंटी यंत्राला आहे, पट्ट्याला नाही.” घाम यंत्राला येत नाही, पट्ट्यालाच येतो, हे सांगून पाहिलं. शेवटी नुसता पट्टा आठशेला घेतला. आता घरी आल्यावर यंत्र काढून पट्टा धुतो आणि सावलीत, बायकोच्या पापडांपासून लांब वाळत घालतो.

पाचपैकी साडेतीन.