जुनी लादी घासावी की वर टाइल बसवावी?

शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स. मुंबईच्या या भागांतलं 1930 च्या दशकातलं आर्ट डेको, म्हणजे गोल गॅलऱ्या नि पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीच्या शैलीतलं घर हाती आलं की पडदे-दिवे नंतर, पहिला प्रश्न जमिनीचा. सिमेंटची रंगीत लादी घासून ठेवायची की तिच्यावरच व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत कडक भाजलेली, पाणी न शोषणारी टाइल बसवायची? आम्ही दोन्ही करून बसलो: हॉलमध्ये लादी, आतल्या खोलीत टाइल. म्हणजे हा अनुभव एका घरापुरताच.

टाइलचं काम झटपट उरकलं. हळद सांडली, पुसली, विषय संपला. लादीचे नखरे फार. ती भट्टीत भाजलेली नाही, दाबून घडवलेली, त्यामुळे लिंबू आणि ॲसिड तिला सोसत नाही. घासायच्या मशीनने चार दिवस घरभर राखाडी चिखल केला. नळाच्या कामात सहा लाद्या फुटल्या. अशा लाद्या आजही मिळतात, भारत टाइल्स ही मुंबईची कंपनी तर 1922 पासूनची. पण नवा लाल आणि वर्षानुवर्षं पुसलेला लाल जुळत नाही. शेवटी कपाटाखालच्या जुन्या काढून दर्शनी भागात लावल्या, नव्या कपाटाखाली.

एवढं करूनही माझं मन हॉलकडेच झुकतं, आणि त्याचं कारण पाऊण इंच. टाइल नि खालचा मसाला मिळून आतली जमीन तेवढी वर आली. सागवानी दार खालून तासावं लागलं. दाराची पितळी खिट्टी जमिनीतल्या ज्या भोकात बसायची, ते बुजलं. नवं पाडायला गेलो तर टाइलचा कोपराच उडाला. आता पावसाळी वाऱ्यात दार आपटू नये म्हणून वरवंटा लावतो. रात्री पाण्याला उठलं की अंगठा त्या उंचवट्यावर ठेचतो तो वेगळाच.

हॉलमध्ये भिंतीलगत लादीचा काळा पट्टा आहे, कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांनी वळलेला. गोल गॅलरीशी त्याचं छान जमतं. एक बुटका सोफा ठेवला, बास झालं. तसलाच जुना गोल आरशाचा ड्रेसिंग टेबल आतल्या चकचकीत टाइलवर मात्र विकायला ठेवल्यासारखा दिसतो.

अर्थात लादी खचली असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर टाइलच बरी. फक्त जुनी उखडून मूळ पातळीला बसवा. खर्च वाढेल, आणि खालच्या मजल्यावरचे महिनाभर बोलणार नाहीत.