रामशेजचा वेढा, ओस पडलेलं गाव की गोदेचा पूर: पहिली कॅम्पेन कोणती घ्यावी?

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या दोन वेगवेगळ्या ग्रुपनी मला एकच प्रश्न विचारला. दोघांनाही टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम खेळायचाय, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. पाच जण जमलेत, रविवारची दुपार मोकळी असते, एकाने डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा, व्हायचं कबूल केलंय, डाइसही आलेत. पण खेळायचं काय? दोघांकडेही इंग्रजी पुस्तकातली एक तयार कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एक सलग गोष्ट, होती आणि दोघांचीही गाडी तिसऱ्या सेशनला अडली होती.

ती का अडते ते मी स्वतःच्या टेबलावर पाहिलंय. डीएम म्हणतो, "तुम्ही शहराच्या वेशीतून आत आलात." यावर चार जण त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्या शहरात पाणी कुठे भरतात, अफवा कुठे ऐकू येतात, रात्री कुठल्या गल्लीत जाऊ नये, हे त्या एकट्यालाच ठाऊक असतं. खेळाडू मग प्रत्येक पावलाला विचारत राहतो, आणि विचारून विचारून कंटाळतो.

म्हणून सेटिंग निवडताना मी एकच गोष्ट बघतो. डीएमला न विचारता खेळाडू किती वेळा "मी तिकडे जातो" म्हणतो? खाली ज्या तीन कॅम्पेन ताडून बघतोय त्या तिन्ही मी नाशिकमध्ये चालवल्यात, आणि तिन्हींची जमीन याच जिल्ह्यातली आहे.

रामशेजचा वेढा

बहुतेकांच्या मनात आधी हीच येते. पेठ रस्त्याला, आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. औरंगजेब दख्खनेत उतरल्यावर 1682 मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला आणि हा लहानसा किल्ला पाच वर्षांहून जास्त झुंजला. लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून गडकऱ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या आणि त्यांना कातडं मढवलं, असं सांगतात. मोगल सरदाराने एका मांत्रिकाला सोन्याचा नाग घडवून दिला, मांत्रिक तो हातात धरून फौजेच्या पुढे निघाला आणि गडावरून आलेल्या गोफणीच्या दगडाने छातीवर आदळून कोसळला, अशीही गोष्ट आहे. पहिल्या सेशनला याहून चांगला प्रसंग कुठून आणणार!

कॅरेक्टर चटकन सुचतात. बुरुजावरचा गोफणवाला, लोखंड नाही म्हणून अचानक महत्त्व आलेला सुतार, कोठीतल्या धान्याचा हिशेब ठेवणारा कारखानीस, रात्री खालून वर वाट काढणारी आशेवाडीची बाई. एका कागदावर धान्य, पाणी आणि दारूगोळा अशा तीन रांगा आखा, प्रत्येकीत दहा चौकोन. दर सेशनला चौकोन खोडत जायचे. तो कागद टेबलाच्या मधोमध असला की कोणी फोन हातात घेत नाही.

अडचणी मात्र दोन आहेत. पहिली नियमांची. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या 2014 च्या नियमांत बारा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचे प्रकार, आहेत आणि त्यातल्या आठांचा पाया जादूवर आहे. इतिहास जपायचा म्हणून जादू काढली तर फायटर, रोग, बार्बेरियन आणि माँक एवढेच उरतात. जादू ठेवली तर अन्न मंत्रानेच तयार होतं आणि धान्याचे चौकोन निरर्थक होतात. दुसरी अडचण जागेची. "मी तिकडे जातो" म्हणायला तिकडे काही नाही, खाली सगळीकडे शत्रूचे तंबू. चौथ्या सेशनपासून रात्रीचा छापा, परत वर, पुन्हा छापा, असंच चालू होतं. शिवाय इतिहासातली थोर माणसं समोर आली की खेळाडू हात जोडून गप्प बसतात. त्यांना मी फक्त पत्रांतून येऊ देतो.

ज्यांना लढायचंय आणि ज्यांच्याकडे पाच-सहा रविवार आहेत, त्यांनी ही बेलाशक घ्यावी. सातव्यापर्यंत ताणू नये.

कखडी गाव ओस का पडलं?

ही माझी सगळ्यात आवडती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाथर्डी फाट्याजवळची पांडवलेणी आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलीत. चोवीस लेणी. सहलीत आपण फोटो काढतो, पायऱ्या मोजतो आणि उतरतो. तिसऱ्या लेण्यातले शिलालेख मात्र निवांत वाचायला हवेत. त्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, कारकिर्दीच्या अठराव्या वर्षातला एक हुकूम आहे. तो गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला उद्देशून आहे. पश्चिम कखडी गावातलं जे शेत आजवर ऋषभदत्ताकडे होतं, त्यातली दोनशे निवर्तनं जमीन डोंगरावरच्या भिक्षूंना दिली, असं त्यात म्हटलंय. ऋषभदत्त म्हणजे गौतमीपुत्राने पाडाव केलेल्या क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई.

त्यानंतर चोविसाव्या वर्षातला दुसरा हुकूम. यात राजाबरोबर त्याची आईही बोलते. अमात्य आता श्यामक नावाचा आहे. मजकूर थोडक्यात असा: कखडीतलं ते शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची राजाच्या मालकीची शंभर निवर्तनं भिक्षूंना द्यावीत.

सहा वर्षांत एक गाव उठलं. का उठलं ते दगडावर कोरलेलं नाही. अमात्य बदलला. दोनशेचे शंभर झाले. कॅम्पेनसाठी मला याहून जास्त काही लागलं नाही.

खेळाडूंना श्यामकाने पाठवलंय: कखडीला जा, काय झालं ते बघून या. पार्टीत आमच्याकडे एक जमीन मोजणारा होता, एक लेण्यातली तरुण भिक्षुणी, एक कोष्टी आणि एक जण आधी नहपानाच्या फौजेत असलेला, जो आता ते लपवतोय. हा चौथा माणूस सोन्यासारखा आहे. गावात पाऊल टाकताच त्याला एखादं दार ओळखीचं वाटलं की पुढचे दोन तास डीएमला काही करावं लागत नाही.

पैसाही याच डोंगरावर सापडतो. दहाव्या लेण्यातल्या लेखात ऋषभदत्ताने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यातले दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा एक दरमहा व्याजाने. हिशेब करून पाहा: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा द्यायचे म्हटलंय, म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. मुद्दल कधीच मोडायचं नाही. आता राजा बदलला. ठेव ठेवणारा हरला. श्रेणी व्याज देत राहील का? आमच्या कोष्टी खेळाडूने हा प्रश्न स्वतःच उचलला आणि दोन सेशन त्यातच गेली, एकदाही तलवार न उपसता.

टेबलावर एक वस्तू जरूर ठेवा. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली होती. नाणी नहपानाची, पण दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. मी जाड पुठ्ठ्याच्या वीस गोल चकत्या कापल्या, एका रंगाने जुना ठसा काढला आणि तेरा चकत्यांवर त्याच्यावरच दुसऱ्या रंगाने नवा. मग चकत्या वाटून टाकल्या. "ठसा न मारलेलं नाणं बाजारात काढलंस तर लोक तुझ्याकडे बघतील" एवढंच सांगितलं. माजी सैनिकाने आपली सगळी जुनी नाणी मुठीत दाबून मूठ टेबलाखाली नेली. मी काहीच बोललो नाही. शेजारच्या ताईने ते पाहिलं आणि तिच्या भिक्षुणीने त्याला हळूच विचारलं, "दादा, तुम्ही आधी कुठे होतात?"

नियमांसाठी इथे दोन साध्या डाइसची पद्धत उत्तम. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होतं पण किंमत मोजून, सहा किंवा कमी आली तर डीएम गोष्ट बिघडवतो. कॅरेक्टरकडे त्या कामासाठी अधिक एक असेल तर निर्भेळ यश छत्तीसात दहा वेळा, अपयशही दहा वेळा आणि "हो, पण" सोळा वेळा. तपासाच्या गोष्टीला हे मधलं "पण"च चालवतं. डी-ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर, अधिक पाच घेऊन पंधराचं लक्ष्य गाठायची शक्यता 55 टक्के असते, पण तिथे उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं.

उणीव कुठे आहे? माझ्या कसोटीवर ही कॅम्पेन सुरुवातीला कमी पडते. खेळाडूला तेव्हाचं गोवर्धन ठाऊक नसतं. त्यावर माझा उपाय म्हणजे पहिल्या सेशनच्या आधी सगळ्यांनी एका सकाळी लेण्यांवर चढून जायचं. वरून शहर दिसतं, नदीची दिशा कळते, गंगापूर रोडच्या पुढचं आजचं गोवर्धन कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवता येतं. लेणी ही श्रद्धेची जागा आहे, तिथे आरडाओरडा करत रोल करायला बसू नये. खाली येऊन मिसळ खाताना नकाशा काढावा. आमचा नकाशा पावाच्या कागदावर निघाला आणि आजही फाइलमध्ये आहे.

आणि भाषा? खोटी संस्कृतप्रचुर मराठी बोलायचा हट्ट धरू नका, दहा मिनिटांत दमाल. साधी मराठी बोला, फक्त कोण कोणाला तू, तुम्ही आणि आपण म्हणतो ते काटेकोर पाळा. अमात्याला आपण म्हणणारा माणूस एका प्रसंगात अचानक तुम्हीवर आला, तेव्हा टेबलावर सगळ्यांच्या ते लक्षात आलं. इंग्रजीत खेळताना हे हत्यार हाती नसतं.

गोदेचा पूर

काळ आजचा, जागा जुनं नाशिक. धरणातून विसर्ग वाढवलाय, गोदाघाटावर पाणी चढतंय आणि एका वाड्यात अडकलेल्या आजीकडे असं काहीतरी आहे जे तीन वेगवेगळ्या लोकांना हवंय.

या कॅम्पेनचं घड्याळ नाशिकने आधीच बांधून ठेवलंय: गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही भाषा आपल्याकडे पावसाळ्यात घराघरात चालते. कागदावर मूर्ती काढा, सहा खुणा करा, खेळाचा दर अर्धा तास झाला की एक खूण वर. छातीच्या पुढे सराफ बाजार आणि भांडी बाजार पाण्यात धरायचे. शेवटची खूण नारोशंकर मंदिराच्या घंटेची.

इथे माझी कसोटी पूर्ण उतरते. मी म्हटलं, "पाणी कमरेला आहे." कॉलेजातल्या एका मुलाने, जो आयुष्यात पहिल्यांदा खेळत होता, लगेच सांगितलं: "मग मी भांडी बाजारातून येत नाही, वरून रविवार कारंज्याकडून येतो. आणि काकांची दुकानाची चावी घेऊन येतो." काका मी तयार केले नव्हते. चावीही नव्हती. त्याला शहर माहीत होतं म्हणून ते त्याने निर्माण केलं.

नियम टक्केवारीचे घ्या, कॉल ऑफ क्थुलू या गेमसारखे. कॅरेक्टरचं 'शोध' हे कौशल्य 45 असेल तर शंभराच्या डाइसवर 45 किंवा कमी आलं की जमलं. नवीन माणसाला समजवायला दोन मिनिटं पुरतात.

इथला धोका वेगळा आहे. 2008 चा पूर अनेकांनी अंगावर घेतलाय. सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, प्रत्येकाला एकेकट्याने विचारा, कोणाच्या घरात पाणी शिरलं होतं का, आणि हा विषय चालेल का. आमच्याकडे एकीने नको म्हटलं, तेव्हा आम्ही माणूस वाहून जाण्याचे प्रसंग पूर्ण काढले. खेळ त्याने कमी झाला नाही. आणि पूर ओसरला की कॅम्पेनही संपते. तीन सेशन, फार तर चार.

सिंहस्थाबद्दलही विचारणा होते. दृश्य भव्य आहे, पण डीएमला एकाच वेळी आखाडे, पोलिस, दुकानदार, हरवलेली माणसं असे पन्नास एनपीसी, म्हणजे डीएमने चालवायची पात्रं, तोंडात धरावे लागतात. पहिल्या खेपेला नको.

मग कोणी काय घ्यावं

ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदा खेळणार असतील तर पूर. यात शंका नको. रामशेजची ओढ असलेले ग्रुप बहुधा व्हिडिओ गेममधून आलेले असतात. त्यांना आधी पुराची तीन सेशन द्या, म्हणजे गडावर चढेपर्यंत ते एकमेकांशी बोलायला लागलेले असतात. डीएमकडे आठवड्याला दोन तास वाचायला नसतील तर कखडीला हात लावू नका. असतील, आणि चौघंही तीन महिने टिकतील अशी खात्री असेल, तर बाकी काही बघू नका.

मला विचारणाऱ्या दोनपैकी एका ग्रुपमध्ये तिघं बारावीची मुलं आहेत. त्यांना मी पूर दिलाय, दिवाळीच्या सुट्टीत संपेल असा. दुसऱ्या ग्रुपचा डीएम नोकरी करणारा आहे, पण रोज रात्री जेवणानंतर तासभर वाचतो. त्याच्या हाती मी पुठ्ठ्याच्या वीस चकत्या ठेवल्या आणि सांगितलं, की पहिल्या सेशनला कखडीच्या विहिरीत पाणी आहे, चुलीत राख आहे, जात्यात अर्धवट दळलेलं धान्य आहे. पुढचं त्यांना विचारू दे.