बर्मी चांदीचा जातकवाला वाडगा: घेण्याआधी आत बघा

म्यानमारमधल्या सगाइंगजवळच्या यवाताउंग गावाचं उठावकाम (पत्रा ठोकून उठवलेली नक्षी) आजही पाहण्यासारखं आहे, पण खरी नक्षी ब्रिटिश काळातल्या वाडग्यांवर. साहेबलोकांसाठी घडवलेले, आकार भिक्षापात्राचा, भोवती वेस्संतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातल्या दानशूर राजपुत्राची कथा. काठी टेकणारा वाकडा जूजक (त्याची मुलं दान मागून नेणारा ब्राह्मण) आणि वेलीने बांधलेली दोन मुलं दिसली की कथा ओळखायची.

आकृत्या आतून ठोकून उठवतात, मग वाडग्यात राळ भरून बाहेरून ठशांनी बारकावे काढतात. म्हणून आतून प्रत्येक आकृतीचा खळगा दिसायलाच हवा. आत गुळगुळीत असेल तर ओतीव नक्कल किंवा आतून बसवलेलं अस्तर समजा. उठाव जास्त तिथे पत्रा पातळ होतो. हत्तीची सोंड, चेहरे, गुडघे इथे तडे जातात. दिव्यासमोर धरून पाहा. करड्या शिशाचा डाग देऊन (सोल्डर करून) केलेली दुरुस्ती असेल तर भाव पाडाच.

शुद्धतेचा छाप बहुधा नसतो. बुडावरचा मोर किंवा हत्ती ही हमी नव्हे. पुष्कळदा त्या काळचे चांदीचे रुपये वितळवून काम होई; त्यांत चांदी ९१.७ टक्के.

खोबणीतला काळेपणा घासू नका, चित्र त्यावरच उठतं. विक्रेत्यांची आरशासारखी पॉलिश मला तरी खटकते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. केमिकल डिप, म्हणजे चांदी रसायनात बुडवून उजळवणं, नको.