फ्लॅट भाड्याने देऊन बोटीवर राहायचं, की फ्लॅटमध्ये राहून बोट ठेवायची?

नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या एका जोडप्याने मध्यंतरी विचारलं, "काका, फ्लॅट भाड्याने देतो आणि सरळ बोटीवर राहायला जातो. कसं वाटतं?" मुलगी बाहेरगावी शिकायला, दोघांचंही काम लॅपटॉपवर, २६ फुटी शिडाची फायबर बोट बघून ठेवलेली. मी लगेच हो-नाही म्हटलं नाही. दोन्ही करून झालंय माझं. एक अख्खा हंगाम दिवाळे कोळीवाड्याबाहेर नांगरावर काढला, आणि त्याआधीची-नंतरची वर्षं नेरूळच्या फ्लॅटमधून शनिवार-रविवार बोटीवर गेलो.

पहिली अडचण समुद्राची नाहीच, भाडेकराराची आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक ११ महिन्यांचा. खाडीत बोटीवर सुखाने राहता येतं ते ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत, साडेसात महिने. उरलेले साडेतीन महिने तुमच्या घरात भाडेकरू आणि तुम्ही कुठे? मी ते दिवस बहिणीकडे कळव्याला काढले. मेहुण्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षी विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पावसाळ्यातही राहू, असं म्हणणाऱ्यांनी आगोटीला (पावसाळ्याच्या तोंडावर) कोळीवाड्यात एक चक्कर मारावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या दिसतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कुणी पाण्याची घाई करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं बोट वर घेतात, तर आपण कोण लागून गेलो? शिवाय हंगाम जूनची वाट बघत बसत नाही. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं. १३ मे २०२४ ला भर दुपारी धुळीचं वादळ आलं, काही मिनिटांत सगळं पिवळं. निसर्ग चक्रीवादळ तर जून लागताच, ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं.

अशा वेळी फ्लॅटवाला खिडक्या लावून घेतो, पण झोपतो असं नाही. नांगर सरकला असेल का, या एका विचाराने मी रात्री दीडला रिक्षा करून जेट्टीवर गेलोय. दिसलं काहीच नाही, अंधार. बोटीवर असलात तर साखळी आणखी सोडता येते, इंजिन चालू करून वाऱ्याला तोंड देता येतं. फक्त वीज कडाडायला लागली की आसपासची सगळ्यांत उंच वस्तू ही आपलीच डोलकाठी आहे, हे आठवतं.

आता चिखल. माझ्या मते निर्णय इथे ठरतो. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची, हा हिशोब घरोघरी माहीत होता: अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. म्हणजे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री, पाणी कधी साडेचार मीटरच्याही वर, आणि पूर्ण ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास. नेमकं कामाला निघायच्या आणि घरी यायच्या वेळी जेट्टी आणि बोट यांच्यामध्ये मांडीपर्यंत काळा चिखल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, एवढा त्रास नाही. फ्लॅटमध्ये राहणारा कॅलेंडरवर तिथी बघून सोयीचा शनिवार निवडतो. बोटीवर राहणाऱ्याला निवड नाही. दळण, दूध, गॅस सगळं तिथीवर. एकदा मी दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन फसलो. एक चप्पल त्या चिखलातच आहे, फ्लेमिंगोंना लखलाभ.

याच कारणासाठी बोटीचा तळ बघून घ्या. एकच खोल कील (तळाखालचा उभा कणा) असलेली बोट ओहोटीला बसली की कलंडते, आणि आत झोपलेला माणूस भांड्यांसकट एका बाजूला. दोन कीलची किंवा सपाट तळाची बोट सरळ बसते. वाऱ्याविरुद्ध चालताना थोडी मागे पडते, पडू दे. ठाण्याच्या बाजूला जायचं असेल तर वाशी आणि ऐरोलीचे पूल आडवे आहेत, डोलकाठीची उंची आणि भरतीचं पाणी मोजूनच निघा.

दुरुस्तीत मात्र बोटीवर राहणारा जिंकतो, आणि हे मला राहायला गेल्यावरच कळलं. शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून) थेंब मिनिटाला दोनाऐवजी दहा पडायला लागले, ते रात्री झोपेत ऐकू येतात. शनिवारी येणाऱ्याला तळाला वीतभर पाणी आणि उतरलेली बॅटरी मिळते. उपसा पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा) तेलकट कचऱ्यात अडकलेला, कुणाला पत्ताच नाही. बंद बोटीत बुरशी धरते, गाद्यांना वास येतो. राहत्या बोटीत वारं खेळतं.

पण राहत्या घराची दुरुस्ती म्हणजे काय, तेही ऐका. इंजिन असतं आत उतरायच्या पायऱ्यांखाली. एकदा पाणी खेचणाऱ्या नळीच्या तोंडात दुधाची पिशवी बसली (आपल्या खाडीत याला अपघात म्हणत नाहीत), पंप कोरडा फिरला आणि रबरी इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या चाकाची) पाती तुटली. सहापैकी पाच सापडली. सहावं पुढे कूलरच्या तोंडाशी जाऊन बसलं होतं. ते शोधेपर्यंत दोन दिवस पायऱ्या माझ्या बिछान्यावर, नट-बोल्टचे पाने भांड्यांत, आणि पोह्यांना डिझेलचा वास. फ्लॅटवाला हात धुऊन घरी जातो.

खर्चाचं फार लिहीत नाही. तळाचा अँटीफाउलिंग (शिंपले रोखणारा) रंग, गंज रोखणारे जस्ताचे ठोकळे, उन्हाने विरणारं शीड, डोलकाठीच्या तारा, पावसाळ्यात वर काढायची क्रेन: हे दोन्हीकडे सारखंच. इथल्या कोमट पाण्यात तळाला शिंपले धरायला काही महिने पुरतात, मालक कुठे झोपतो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. फरक भाड्याच्या उत्पन्नाचा, आणि तो पावसाळ्यातल्या राहण्यात बराचसा जिरतो.

त्या जोडप्याला मी सांगितलं, फ्लॅट देऊ नका. ऑक्टोबर ते मे आठवड्याचे चार दिवस बोटीवर राहा, म्हणजे थेंब ऐकू येतील आणि उधाणाच्या दिवसांत घरी पळता येईल. ताईंना पटलं. साहेबांना अजून पूर्णवेळच हवंय. त्यांना म्हटलं, एप्रिलमधली अमावास्या धरून दोन रात्री माझी बोट घ्या, आणि सोमवारी सकाळी साडेसहाला इस्त्रीच्या कपड्यांत जेट्टीवर येऊन दाखवा. नवा इम्पेलर आणि पाना बोटीच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या डब्यात ठेवलाय, तोही बदलून बघा.