एम.एड. घ्यावं का? मराठवाड्यातल्या नोकरदार शिक्षकासाठी परखड परीक्षण

पदवी म्हणून एम.एड., म्हणजे बी.एड.नंतरची शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी, चोख आहे. अभ्यासक्रम कसा रचायचा, हे शिकवण्यात मात्र ती निम्मीच उतरते. उरलेलं निम्मं लघुशोधप्रबंधातून वसूल होतं, तेही विषय आपल्या शाळेजवळचा घेतला तर.

एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमावलीप्रमाणे हा दोन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम आहे. वर्षाला 200 कामाचे दिवस, एका तुकडीत 50 जागा. हजेरी तासिका-प्रात्यक्षिकांना 80 टक्के आणि क्षेत्रकार्याला 90 टक्के. प्रवेश सी.ई.टी.तून होतो. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूरची महाविद्यालयं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा, कॉलेजच्या खिडकीवर विचारून नको.

खरी अडचण हजेरीची. किनवट किंवा आष्टीच्या जिल्हा परिषद शिक्षकाला अध्ययन रजा मंजूर झाल्याशिवाय हे जमणारं नाही. ‘सर, तुम्ही फक्त परीक्षेला या’ असं सांगणारं कॉलेज दिसलं की तिथून निघावं. एकाच दिवशी शाळेच्या हजेरीपटावर सही आणि कॉलेजच्याही, हे प्रकरण पडताळणीत कधीतरी वर येतं. तेव्हा कॉलेज हात झटकतं आणि नोकरी आपली अडकते.

रजा मिळत नसेल तर एम.ए. शिक्षणशास्त्र हा सरळ मार्ग. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रं नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. इग्नूकडेही हा अभ्यासक्रम आहे. दोन्ही पदव्या सारख्याच, असं मात्र धरून चालू नका. 55 टक्के असतील तर (राखीव प्रवर्गाला 50) शिक्षणशास्त्र विषयाची नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) दोन्ही पदव्यांवर देता येते. याच 2014 च्या नियमांत बी.एड. महाविद्यालयात पायाभूत विषय शिकवायला एम.ए. शिक्षणशास्त्र अधिक बी.एड. चालतं; अध्यापनशास्त्राच्या जागेसाठी मात्र विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशी जोडी लागते. म्हणून आधी डोळ्यांपुढची जागा ठरवा, फॉर्म नंतर भरा.

आता शिकवण्याबद्दल. अभ्यासक्रमाच्या पेपरात अभ्यासक्रमतज्ज्ञ टायलरचे 1949 मधले चार प्रश्न येतात, हिल्डा ताबा येते, उद्दिष्टांचं ब्लूमचं वर्गीकरण येतं. परीक्षेला ते पुरतं. पण दोन सत्रांच्या घटकांचा क्रम बदलून वार्षिक नियोजन करा, त्यावरून अध्ययन निष्पत्ती लिहा, मग चाचणीचा संविधान तक्ता (ब्लू प्रिंट) मांडा, असं काम सलग करून घेणारं महाविद्यालय विरळच. अभ्यासक्रम (करिक्युलम) आणि पाठ्यक्रम (सिलॅबस) यांतला फरक व्याख्येपुरताच पाठ होतो. प्रवेशाआधी मागच्या तुकडीच्या प्रात्यक्षिक वह्या चाळायला मागा. सगळ्यांचं नियोजन एकाच नमुन्यावरून उतरवलेलं दिसलं, तर काय ते समजून घ्या.

इथे तर प्रश्न दारातच उभा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांबरोबर मुलं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. पाचवीच्या गणितात अपूर्णांक पहिल्या भागात, दशांश अपूर्णांक दुसऱ्या भागात. म्हणजे या मुलांचा दुसरा भाग बहुतेक हुकतोच. कोणते घटक दिवाळीपूर्वी ओढता येतात, कोणते एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे हलत नाहीत, हंगामी वसतिगृहात काय घेता येईल? हा अभ्यासक्रमरचनेचा अस्सल विषय. तरी ‘मराठवाड्यातील माध्यमिक शिक्षकांच्या अभिवृत्तीचा अभ्यास’ असले विषय निघतातच. आठ जिल्हे आणि एकटा संशोधक. मग नमुना म्हणून ओळखीच्या दोन शाळा.

लघुशोधप्रबंध बहुतेकदा तीन ठिकाणी घसरतो. पहिलं, शहरी मुलांसाठी तयार झालेली चाचणी तांड्यावर जशीच्या तशी देणं. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारं मूल प्रश्नाच्या भाषेवरच अडतं आणि गुण गणिताचे म्हणून मोजले जातात. आधी वेगळ्या दहा-बारा मुलांवर चाचणी देऊन पाहा. दुसरं, एकाच शाळेत प्रायोगिक आणि नियंत्रित असे दोन गट करणं. लहान शाळेत मुलं मधल्या सुट्टीत सगळं एकमेकांना सांगतात. अशा ठिकाणी एकच गट, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी बरी. फक्त वाढलेले गुण सगळे आपल्याच उपक्रमाचे, असा दावा करू नये.

तिसरी घसरण आकडेमोडीत. समजा गटात 20 मुलं आहेत. त्याच मुलांच्या दोन चाचण्यांना स्वतंत्र गटांचं टी-परीक्षण (सरासरींतला फरक तपासण्याची रीत) लावलं जातं. प्रत्येक मुलाचे आधीचे-नंतरचे गुण जोडून पाहणारं जोडीचं परीक्षण हवं: स्वाधीनता मात्रा 19, आणि 0.05 पातळीवर द्विपुच्छ टी-मूल्य 2.093. एक्सेलच्या टी.टेस्ट सूत्रात शेवटचा आकडा 1 ठेवला की जोडीचं परीक्षण होतं. ते सूत्र पी-मूल्य (संभाव्यता) देतं, टी-मूल्य नव्हे. तोच आकडा टीच्या रकान्यात लिहिलेले प्रबंध पाहायला मिळतात आणि तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उतरवलाय का हे पाहताना, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनी 10 टक्क्यांपर्यंत अडचण नाही. टंकलेखन मात्र पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच करून घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात रूपांतर करायला बसलात तर जोडाक्षरं फुटतात, तक्ते विस्कटतात.