स्नोमोबाईलचे गिअर बदलून घेतले, वर्कशॉपचा रिव्ह्यू

अमेरिकेतल्या मिशिगनच्या कीवेनॉ भागात लेक सुपीरियर या मोठ्या तळ्यामुळे जो भुसभुशीत बर्फ पडतो ना, त्यात स्नोमोबाईलचं (बर्फावर चालणारी गाडी) कंपनीचं गिअरिंग काही कामाचं नाही. गोठलेल्या तळ्यावर गाडी सुसाट, पण चढावर नुसता इंजिनाची ताकद पुढे नेणारा बेल्ट जाळते. म्हणून इथल्या एका छोट्या वर्कशॉपात चेनकेसचे (इंजिनाची ताकद चेनने खालच्या पट्ट्याला देणारा डबा) गिअर बदलून घेतले. वरचा 24 दातांचा काढून 21चा टाकला, खालचा 40चाच ठेवला, म्हणजे रेशो (खालचे दात भागिले वरचे) 1.67 वरून 1.90 झाला. मेकॅनिकने आधीच सांगितलं की एवढे दात कमी केले की चेन पण छोटी लागते नाहीतर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) पुरत नाही, आणि जुनी चेन गळ्यात मारली नाही हे बरं वाटलं. चेनकेसमधलं जुनं तेल पण काढून दाखवलं, त्यातला लोखंडाचा चुरा बघून घाबरलोच!

आता ताज्या बर्फात गाडी अशी ओढते की बास. टॉप स्पीड थोडा गेला, गेला तर गेला, पण तुम्ही फक्त सपाट ट्रेलवरच पळवणार असाल तर या भानगडीत पडूच नका. मजुरी तासावर आहे आणि माझ्या मॉडेलला मफलर (सायलेन्सर) काढावा लागला त्यामुळे बिल फुगलं. सीझनमध्ये गर्दी असते, ऑक्टोबरातच नंबर लावा.